कविता चावली, तेव्हा मी सभा घेतली

जिच्यावर अन्याय झाला तिचं नाव कविता. वय साडेचार. काम, नऊ महिन्यांच्या भावाला कडेवर घेऊन फिरणं. अन्यायाची वेळ, गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. ठिकाण, ओझरच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की लागणाऱ्या एका द्राक्षबागेच्या आवारातली पत्र्याची शेड. अन्याय करणारी व्यक्ती अजून मोकळी फिरते आहे आणि दिवाळी अंकात लेख लिहिते आहे.

वेळ इतकी नेमकी कशी, तर मी तेव्हा मोबाइलवर एका पत्रकाचा मजकूर टाइप करत होते, आणि तो अर्धवट मजकूर किती वाजता जतन झाला हे मोबाइलनं इमानदारीत नोंदवून ठेवलं आहे. पत्रकाचं शीर्षक होतं, ‘मजुरांच्या मुलांच्या सुरक्षिततेचं काय?’

संपादकांनी कामाचे अनुभव लिहा म्हणून फोन केला तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं की या सदरात रिटायर झालेले बँकवाले आणि डॉक्टर लिहितात, मी अठ्ठावीस वर्षांची आहे. ते म्हणाले, किती वर्षं झाली कामाला? म्हटलं, पाच हंगाम. यावर ते हसले. हसू देत. एका शेडमध्ये पाच हंगाम चौदा-चौदा पोरं सांभाळून दाखवावीत, मग आपण सेवाज्येष्ठतेवर बोलू.

आधी कामाविषयी. थंडी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षाच्या कामाला खाली उतरतात. घडात मणी दाटीनं आले की एकमेकांना चेपतात, म्हणून कात्रीनं निम्मे काढून टाकायचे असतात. त्याला सगळे थिनिंग म्हणतात. हे काम बायका करतात, दिवसभर मान वर करून. मग पोरं कुठे? ती ओळीतच, वेलींच्या सावलीत, फवारणीच्या वासात. म्हणून आमच्या शेतमजूर संघटनेनं पाळणाघराची मागणी केली, मी त्यावर तीन पत्रकं लिहिली, एक घोषणाही लिहिली जिचं यमक आजही जुळत नाही. शेवटी बागमालक कंटाळून म्हणाले, क्रेट ठेवायची शेड घ्या, पण त्या घोषणा थांबवा. संघटनेत कुणीतरी विचारलं, मग पोरं सांभाळणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा या व्यवसायात प्रवेश असा झाला. पात्रता शून्य, आवाज मोठा.

माझ्या जोडीला चंद्रामावशी. मूळच्या सुरगाण्याच्याच, पाच पोरं वाढवलेल्या. खिचडी त्या शिजवायच्या, आणि मला मुलांविषयी काही कळत नाही हे दिवसातून दोनदा सांगायच्या, एकदा सकाळी आणि एकदा विसरू नये म्हणून.

लोकांना वाटतं लहान मूल म्हणजे कोरी पाटी, आपण चांगुलपणा लिहायचा. मलाही वाटायचं. मी पहिल्या दिवशी ‘आपण सगळे समान’ असं भाषण केलं आणि सगळ्यांना दोन-दोन डाव खिचडी वाढली. दीड वर्षाच्या पोरानं त्यातली निम्मी डोक्याला लावली, सहा वर्षांचा उपाशी राहिला. चंद्रामावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

खरं म्हणजे पोरं बरंच काही घेऊनच येतात. अगदी तान्ही असली की एक रडलं की बाकीची रडतात. दुखतंय ते आपल्याला की त्याला, हेच त्यांना नीट ठरवता येत नाही. पुढे दीड-दोन वर्षांची झाली की कळतं, दुखतंय ते त्याला. पण औषध मात्र स्वतःचं देतात. आमच्याकडे सोमनाथ होता, अडीच वर्षांचा. त्याच्याकडे आईच्या ओढणीचा एक फाटका तुकडा असायचा, तो गालाला लावल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. कुणीही रडलं की सोमनाथ जाऊन तो तुकडा त्याच्या तोंडावर ठेवायचा. एकदा चुलीच्या धुरानं चंद्रामावशींचे डोळे वाहत होते. यानं तुकडा नेऊन दिला. मावशींनी त्यात नाक शिंकरलं. सोमनाथनं तुकडा परत घेतला, नीट पाहिला, आणि मोठ्या मनानं त्यांनाच देऊन टाकला. मग तासभर त्या तुकड्यासाठी भोकाड पसरलं.

तीन-साडेतीनला प्रत्येक जण वकील होतो. त्याला जास्त, मला कमी. पाच ओलांडली की आणखी एक गोष्ट येते, आणि ती आली की मला दर वेळी नवल वाटतं. आमची वैशाली सहाला टेकलेली. कुणी येऊन सांगितलं की ह्यानं मला पाडलं, तर ती आधी विचारायची, “मुद्दाम का चुकून?” हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तर नव्हतंच, कारण माझ्या शिक्षणात तो प्रश्न नव्हता. पत्रकात ‘चुकून’ला जागा नसते. पत्रकात ‘जाहीर निषेध’ असतो.

मी काय शिकवलं, तर ‘सॉरी म्हण’. ढकललं, सॉरी म्हण. सांडलं, सॉरी म्हण. पहिल्याच हंगामात एका पठ्ठ्याला त्याचा अर्थ इतका छान समजला की तो आधी सॉरी म्हणायचा आणि मग ढकलायचा. रीतसर परवानगी काढल्यासारखा.

आता कविता. कविताला मी कधी एकटी पाहिली नाही. तिच्या कडेवर बाळ्या असायचाच. तिची कंबर एका बाजूला काढलेली, बाळ्याचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत. आमच्या शेडवरून ओझरची विमानं जातात, फार खालून, पत्रे थरथरतात. विमान आलं की सगळी पोरं आपापले कान झाकायची. कविता खाली बसून, बाळ्याला मांडीत घेऊन दोन्ही हातांनी त्याचे कान झाकायची. तिचे उघडेच राहायचे, आणि ती डोळे गच्च मिटून घ्यायची, जणू तिकडून आवाज कमी येतो.

पण ती संत नव्हती, हेही लिहिलं पाहिजे. त्या मंगळवारच्या आधी ती दोनदा चावली होती. एकदा खेळण्याच्या ट्रकसाठी, एकदा कशासाठीच नाही. पोरं तिला ‘चावरी’ म्हणू लागली होती, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. मजुरांना कुणी काही म्हटलं की पत्रक काढणारी मी. असो.

त्या मंगळवारी मावशी चुलीशी होत्या, मी मोबाइलवर सुरक्षितता लिहीत होते. शेडला दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. बाहेरून सोमनाथची किंकाळी आली. मी धावले तर शेडच्या बाहेर, पडद्यापासून दहा पावलांवर, सोमनाथ दंड धरून रडतोय, दंडावर दातांची लालभडक रांगोळी, आणि शेजारी कविता, कडेवर बाळ्या. आवारात फवारणीचा ट्रॅक्टर उभा होता. तो मला दिसला. दिसला एवढंच.

“चावलीस?” मी विचारलं. तिनं मान हलवली. हो.

आता इथे कुठल्याही साध्या बाईनं काय केलं असतं? दोन शब्द रागावली असती, सोमनाथला जवळ घेतलं असतं, हळद लावली असती. मी मात्र चळवळीतली. आमच्यात कुणी एकटा निर्णय घेत नाही. मी सगळ्या पोरांना गोल बसवलं आणि सभा घेतली.

अडीच ते सहा वयोगटाची आमसभा. मी प्रास्ताविक केलं. कविता सोमनाथला चावली, हे बरोबर की चूक? सभा एका सुरात म्हणाली, चूऽऽक. मग काय करायचं, यावर सूचना मागवल्या. तिला मारायचं, तिचे दात काढायचे, पोलिसाला द्यायचं, अशा तीन सूचना आल्या, आणि चौथी सूचना शूला जायची होती. मी मध्यममार्गी ठराव मांडला की कवितानं सॉरी म्हणावं आणि आज तिच्याशी कुणी खेळू नये.

तेवढ्यात वैशालीनं विचारलं, “बाई, पण ती मुद्दाम चावली का?”

मी म्हणाले, “चावणं म्हणजे चावणं, वैशाली. हिंसा ती हिंसाच.”

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

“ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा.” सगळे हात वर. एकानं दोन्ही केले. वैशालीचा उशिरा, कानापर्यंतच आला. आणि कविता. तिनं बाळ्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, उजवा हात मोकळा केला, आणि वर केला. बाई हात वर करा म्हणाल्या होत्या. मी मोजले. तान्ही आणि सोमनाथ सोडून अकराच्या अकरा. ठराव बहुमतानं मंजूर झाला म्हणून मी समाधानानं वळले, तर सोमनाथ उठून कविताकडे निघाला होता आणि ओढणीचा तुकडा तिच्या डोक्यावर टाकत होता. ज्याचा दंड सुजला होता तोच. मी त्याला उचलून परत जागेवर बसवलं. सभा अजून संपली नव्हती ना.

कविता सॉरी म्हणाली. भिंतीकडे बघून म्हणाली, पण म्हणाली. दिवसभर तिच्याशी कुणी खेळलं नाही. पोरं ठरावाची अंमलबजावणी आपल्यापेक्षा चोख करतात.

बुधवारी ती आली नाही. चंद्रामावशी खिचडीचं पातेलं आपटत म्हणाल्या, “पोरगी वळीत बसलीय भावाला घेऊन. वरून औषध पडतंय. झालं तुझं समाधान?”

मी म्हटलं, मी तिच्या आईशी बोलते.

“काय बोलशील? ती म्हनते, सगळ्यांनी हात वर केले म्हनं, आता कुठल्या तोंडानं पाठवू.”

दुपारी मी गेले. कविताची आई शिडीवर होती, कात्री चालूच. मी तिला मुलांचे हक्क समजावून सांगितले. फवारणीचे परिणाम सांगितले, त्वचा, फुप्फुसं, सगळं क्रमानं. ती दर वाक्याला “हो ताई” म्हणाली. गुरुवारी कविता आली नाही. इतक्या शांतपणे मला कुणी कधी हरवलं नव्हतं. आणि त्या ओळीत दिवसाला दोन फवारण्या व्हायच्या. बाळ्याला खोकला लागला होता, तो मी स्वतःच्या कानांनी ऐकून आले होते. ज्या पोरांना ओळीतून बाहेर काढायला मी तीन पत्रकं लिहिली, त्यातल्या दोघांना एका सभेत पुन्हा ओळीत नेऊन बसवलं होतं.

शुक्रवारी ट्रॅक्टरवाला नामदेव पाणी प्यायला आला. फवारणीच्या यंत्राला इथे ब्लोअर म्हणतात, ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं, माणसाहून उंच. नामदेवनं दोन तांबे पाणी प्यायलं, तिसरा भरून घेतला आणि तो न पिता म्हणाला, “ताई, ते बारकं पोरगं बरंय ना?”

कुठलं बारकं?

मग त्यानं सांगितलं, जमिनीकडे बघत. मंगळवारी तो टाकीवर पाणी भरायला ट्रॅक्टर मागे घेत होता. मागे ब्लोअर, त्यामुळे खालचं काही दिसत नाही. आरशात एकदम कविता दिसली, कडेवर पोर, आणि तोंडात दुसऱ्या पोराचा दंड, मांजरीनं पिल्लू धरावं तसा. ती त्याला दातांनी मागे ओढत होती. त्यानं करकचून ब्रेक मारला. सोमनाथ चाकापासून हातभर होता.

“तीन दिवस का बोलला नाहीत?”

“भ्यालो. मालक कामावरून काढंल म्हनून.”

मी त्याच्यावर ओरडणार होते. तोंड उघडलंही. पण चंद्रामावशी चुलीपाशी उभ्या होत्या आणि माझ्याकडे अशा बघत होत्या की मी ते मिटलं. तीन दिवस नामदेव गप्प बसला हे खरं. पण मी त्या मुलीला समोर उभी करून, सगळ्यांचे हात मोजून, एकदाही विचारलं नव्हतं की काय झालं.

मी तशीच बागेत गेले. कविता ओळीच्या शेवटी बसली होती, कात्रीनं पडलेले हिरवे मणी बाळ्यापुढे मांडत. तो ते तोंडात घालत होता, ती काढत होती. मी तिच्यासमोर मातीत बसले. भाषण येतं मला, पण साडेचार वर्षांच्या माणसापुढे काय बोलायचं ते येईना. शेवटी विचारलं, “कविता, मंगळवारी काय झालं होतं?”

ती बोलेना. मी पुन्हा विचारणार होते. वरून तिची आई म्हणाली, “थांबा ताई. ती येळ लावती.”

थांबले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब सभा. मग कविता म्हणाली, “हात नवते.”

म्हणजे?

“बाळ्या व्हता ना. खाली ठिवला असता, तर खाली निळं व्हतं.”

टाकीभोवती औषधाचं पाणी सांडून निळसर चिखल झालेला असतो. भावाला त्यात ठेवायचं नाही, सोमनाथला जाऊ द्यायचं नाही, आणि हात दोन, दोन्ही बाळ्याला धरलेले, एक सोडवायला वेळ नाही. ट्रॅक्टर मागे येतोय. तेवढ्या वेळात तिनं हे सगळं तोललं होतं. मी नागरिकशास्त्रात पहिली आले होते, पण मला हे गणित इतक्या चटकन सुटलं नसतं.

मग तिनं, कुणी विचारलं नसताना, आणखी एक सांगितलं. “म्या हळूच चावनार व्हते. तो लय वढत व्हता.”

मी तिला म्हणाले, “माझं चुकलं. तुला न विचारता शिक्षा केली.” तिला त्याचं काय करायचं ते कळेना. तिनं आईकडे बघितलं. आई शिडीवरून उतरली, पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाली, “त्या पोरांफुडं सांगाल का? इथं नको. तिथं सांगा.”

शनिवारी सांगितलं. पुन्हा सगळ्यांना गोल बसवून, पण कुणाला काही विचारलं नाही, काय झालं होतं ते सांगितलं आणि चूक माझी होती हे सांगितलं. पोरं गंभीरपणे ऐकत होती. एकानं सुचवलं, बाईंचे दात काढा. वैशाली म्हणाली, “मी म्हनलं व्हतं ना.” म्हणाली होती. सोमनाथनं तुकडा आणून कविताच्या तोंडावर ठेवला आणि पाच मिनिटांनी त्याच हातानं तिची वेणी ओढली. नामदेवनं दुपारच्या सुट्टीत क्रेटच्या फळ्या ठोकून शेडला फाटक केलं. ज्या दारासाठी मी मालकांना अर्ज लिहिला होता, ते एका घाबरलेल्या माणसानं अर्ध्या तासात लावलं.

इथे लेख संपवला असता तर बरं दिसलं असतं. पण जानेवारीत एक गोष्ट घडली, आणि ती लिहिली नाही तर मी नामदेवपेक्षा वाईट.

शेडच्या कोपऱ्यात रिकामे क्रेट एकावर एक रचलेले होते. दोन वर्षांची एक मुलगी त्यावर चढली. चळत डुलायला लागली. मी शेडच्या दुसऱ्या टोकाला होते. कविता तिच्यापासून एका हाताच्या अंतरावर होती. बाळ्या खाली सतरंजीवर बसला होता, म्हणजे कविताचे दोन्ही हात मोकळे होते. तिनं चळतीकडे पाहिलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं. हात अंगाशी धरून उभी राहिली, आणि मी काय म्हणते त्याची वाट बघत राहिली.

मी “धर तिला” असं ओरडेपर्यंत क्रेट कोसळले होते. मुलीच्या कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. मावशींनी हळद लावली. कविता तिथेच उभी. मी जवळ गेले तर म्हणाली, “म्या हात नाय लावला.” मला खात्री देत होती.

मी तिला जवळ घेतलं, सांगितलं की पुन्हा कधी कुणी पडत असलं तर धर, ओढ, चाव, बाई काही म्हणणार नाही. तिनं मान हलवली. पण ती मान तिनं सभेतही हलवली होती, त्यामुळे मला त्या हलवण्याचा भरवसा नाही. हंगाम संपला, ती कुटुंबं वर गावी गेली. ही पोर आता पाचाची झाली असेल. कुणी संकटात असलं की आधी मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं, हे ती माझ्याकडून शिकून गेली आहे. पाच हंगामांत मी इतकं पक्कं कुणालाच काही शिकवलेलं नाही.

म्हणून आता मागणी. मागणी तुमच्याकडेच आहे, सरकारकडे नाही, बागमालकाकडे नाही. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात पुढचं मूल कुणाला ढकलेल, ओढेल, चावेल, तेव्हा ‘सॉरी म्हण’ हे दोन शब्द गिळा. फरशीवर, मातीत, जिथे असाल तिथे त्याच्या उंचीला खाली बसा. ‘काय झालं?’ एवढंच विचारा. मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल, तो द्या. उत्तर तुम्हाला न शोभणारं असेल, तेही पूर्ण ऐका. आणि शिक्षा आधीच करून बसला असाल, मूल आत्ता या क्षणी कोपऱ्यात उभं असेल, तर हा अंक पालथा ठेवा आणि उठा. त्याला विचारायला जा.